इराणमधल्या नऊ वर्षांच्या मुलीचा एक दिवस : बालकथेतले तपशील तपासून हवेत

शाईपेन (प्रश्न)

एका दिवाळी अंकाच्या बालविभागासाठी कथा लिहिते आहे. ‘एका मुलाचा एक दिवस’ असं सूत्र आहे आणि माझ्या वाट्याला इराण आलं. वाचक ८ ते १२ वयाचे. परीकथेतला इराण नको आणि बातम्यांतलाही नको. तिथल्या घरात मोठ्यांशी कसं वागतात, पाहुण्याची सरबराई कशी होते, अन्नाला काय मान असतो, हे त्या मुलीच्या दिवसातून आपोआप दिसावं. कुणी उपदेश करतंय असं मुलांना वाटू नये.

कच्चा आराखडा असा: इस्फहानमधली नऊ वर्षांची नर्गेस. शरद ऋतू, शाळा नुकती सुरू झालेली. शुक्रवारी सकाळी ती आणि तिचा जुळा भाऊ अली एकाच वर्गात जाऊन बसतात. गणितात तिला २० पैकी २० गुण पडतात. घरी येताना शेजारच्या काकू मिठाई देतात, ती आभार मानून लगेच घेते. मग आई तिला नान आणायला पाठवते. दुकानदार म्हणतो, ‘पैसे राहू दे,’ आणि ती खुशीत तशीच घरी येते. आदल्या दिवशीची शिळी नान आई कचऱ्यात टाकते. संध्याकाळी आजोबांकडे सगळे जमिनीवर बसून हाताने भात खातात. आजोबा नातवंडांना ईदी, म्हणजे सणाची पैशांची भेट, देतात. रात्री सगळे नदीवर होड्या बघायला जातात आणि नर्गेस भावाला अंगठा वर करून दाखवते.

यात कुठे कुठे चुकलंय? चित्रकाराला द्यायच्या सूचनाही सांगितल्यात तर फार बरं होईल.

---

पिस्ता_बदाम

शाळेपासून सुरुवात करतो, कारण पहिल्याच वाक्यात दोन अडचणी आहेत.

शुक्रवार ही तिथली साप्ताहिक सुट्टी. प्राथमिक शाळा शनिवार ते बुधवार भरते, गुरुवार आणि शुक्रवार बंद. त्यामुळे तुमचा दिवस शनिवार करा. आठवड्याचा पहिला दिवस असल्यामुळे सकाळची घाईही खरी वाटेल. शाळेचं वर्ष १ मेहेरला, म्हणजे २३ सप्टेंबरच्या आसपास सुरू होतं. पहिलीच्या मुलांना एक दिवस आधी बोलावून त्यांचं फुलं देऊन स्वागत करतात. नर्गेस नऊ पूर्ण असेल तर ती चौथीत असणार, कारण पहिलीत जाताना सहा वर्षं पूर्ण लागतात. प्राथमिक शाळा सहावीपर्यंत.

जुळी भावंडं एका वर्गात बसणार नाहीत. मुलांच्या आणि मुलींच्या शाळा वेगळ्या असतात. अगदी लहान खेड्यांत पटसंख्या कमी असल्यामुळे एकत्र वर्ग आढळतात, पण इस्फहानसारख्या शहरात नाही. मात्र यातून कथेला एक चांगली जागा मिळते. इमारती कमी पडतात तिथे एकाच इमारतीत दोन पाळ्या चालतात, सकाळी मुली आणि दुपारी मुलं, आणि बऱ्याच ठिकाणी पाळ्या आलटून पालटून बदलतात. म्हणजे नर्गेस बाहेर पडते तेव्हा अली आत शिरतो. दोघांची भेट फाटकात होते. उरलेला खाऊ तिथेच हातोहात देता येईल.

२० पैकी २० हेही प्राथमिक शाळेत चालणार नाही. वीस गुणांची पद्धत वरच्या वर्गांत आहे. खाली वर्णनात्मक शेरे असतात: खूप छान, छान, समाधानकारक, आणखी प्रयत्न हवेत. आजोबांच्या पिढीच्या तोंडी मात्र ‘वीस’ म्हणजे उत्तम हे बसलेलंच आहे. नात ‘खूप छान’ मिळालं म्हणून सांगेल आणि आजोबा विचारतील, ‘म्हणजे वीस ना?’ हे तुम्हाला वापरता येईल.

वर्गातली शिस्त नेमकी लिहा, कारण मोठ्यांना मान देणं मुलं सर्वांत आधी तिथे अंगवळणी पाडतात. बाई वर्गात आल्या की मॉनिटर मुलगी ‘बर्पा!’ म्हणते, सगळ्या उभ्या राहतात. बाईंनी खूण केली की ‘बर्जा!’, आणि सगळ्या बसतात. काही विचारायचं असेल तर तर्जनी वर करून ‘खानूम, एजाझे?’ म्हणजे बाई, परवानगी आहे का? मुलांच्या शाळेत गुरुजी असतील तर ‘आगा, एजाझे?’. शिक्षकांना नावाने हाक मारत नाहीत आणि ‘तो’, म्हणजे तू, असं एकेरीत बोलत नाहीत, नेहमी ‘शोमा’, म्हणजे तुम्ही. शाळेच्या शिपायाला ‘बाबा-ए-मद्रसे’, शाळेचे बाबा म्हणतात. त्यांना सलाम न करता पुढे गेलेली मुलगी उर्मट समजली जाईल.

डबा: लवाशच्या पातळ पोळीत पांढरं पनीर, अक्रोड, कधी काकडी घालून केलेली गुंडाळी. त्याला लोग्मे म्हणतात. हे पनीर आपल्या पनीरसारखं गोडसर नसतं, मिठाच्या पाण्यात मुरवलेलं खारट असतं. शाळेत डबा उघडला की आधी शेजारणीपुढे धरायचा, मग स्वतः खायचं. हे आईने वेगळं शिकवावं लागत नाही, सगळ्याच तसं करतात.

---

उंबरठा

मी घराबद्दल लिहिते. सर्वांत आधी ती शिळी नान. आईने ती कचऱ्यात टाकली हे एकच वाक्य इराणी वाचकाला सगळ्यात जास्त खुपेल, कारण नान म्हणजे बरकत. उरलेली नान वाळवून वेगळ्या पिशवीत साठवतात. वाळकी नान गोळा करणारा माणूस गल्लीत हाळी देत येतो, त्याला ती देतात. ती जनावरांच्या खाद्यात जाते. पूर्वी तो बदल्यात मीठ द्यायचा, म्हणून त्याला ‘नमकी’ असंही म्हणतात. रस्त्यात नानचा तुकडा पडलेला दिसला तर मूल तो उचलतं, ओठांना आणि कपाळाला लावतं आणि भिंतीच्या कडेला किंवा कट्ट्यावर ठेवतं. कुणाचा पाय पडू नये आणि पाखरांना मिळावा, म्हणून. तुमच्या कथेत ही कृती एका ओळीत घाला. मग अन्नाचा मान समजावून सांगायला वेगळा परिच्छेद लागणार नाही.

नान आणणं हे नऊ वर्षांच्या मुलाचं अगदी खरं काम आहे. पण ‘नान’ एवढंच लिहून भागणार नाही. संगक भट्टीत तापलेल्या खड्यांवर भाजतात. ती दोन फुटांहून लांब असते. बर्बरी जाड आणि वरून रेघा पाडलेली. तफ्तून गोल आणि मऊ. लवाश कागदासारखी पातळ. संगक घेतलीत तर पायऱ्या अशा: नानवाईच्या दुकानासमोर रांग. बऱ्याच ठिकाणी एकच नान घेणाऱ्यांची रांग वेगळी आणि जास्त घेणाऱ्यांची वेगळी असते, आणि एकवाल्यांना अधूनमधून पुढे घेतात. तीळ लावून हवी असेल तर आधी सांगायचं, त्याचे पैसे जास्त. नान हातात आली की ती जाळीवर किंवा ओट्यावर पसरायची आणि चिकटलेले खडे बोटांनी उडवायचे. हे नीट केलं नाही तर जेवताना दाताखाली खडा येतो. गरम असतानाच घडी करून पिशवीत कोंबली तर वाफेने ओली होते आणि चिवट लागते. म्हणून घरून सुती कापड घेऊन जातात आणि थोडं वारं लागलं की त्यात गुंडाळतात. घरी येईपर्यंत एक कोपरा खाल्लेला असतो, तो कुणी विचारत नाही.

जेवण: हाताने भात खाणं काढून टाका. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, सुरी नाही. आपल्या चित्रकाराच्या डोळ्यांसमोर आपलीच पंगत असते, त्यामुळे त्याला हे आधीच सांगा. जमिनीवर बसणं बरोबर आहे. गालिच्यावर ‘सोफ्रे’ म्हणून कापड किंवा प्लास्टिक अंथरतात आणि त्यावर ताटं मांडतात. अनेक फ्लॅटमध्ये टेबलही असतं, पण सगळं कुटुंब आजोबांकडे जमलं की सोफ्रेच पडतं, कारण टेबलाभोवती पंधरा माणसं मावत नाहीत. सोफ्रेवर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं नाही, वळसा घालायचा. वडीलधाऱ्यांनी सुरुवात केल्यावर मुलांनी. भाताच्या तळाची खरपूस, कुरकुरीत थर असलेली ‘तहदीग’ सगळ्यांनाच हवी असते. ती आधी पाहुण्याला, मग मुलांना. आई स्वतः घेतलीच तर शेवटी घेते, हे मुलीच्या लक्षात येऊ द्या. जेवून उठताना जिने रांधलं तिला ‘दस्तेतून दर्द नकोने’, म्हणजे तुमचे हात न दुखोत. उत्तर येतं ‘नूशे जान’, म्हणजे अंगी लागो.

पादत्राणं दारात काढतात. आतल्या चपला वेगळ्या आणि शौचालयातल्या त्याहून वेगळ्या. त्या पायात घालून कुणी गालिच्यावर आलं की घरभर आरडाओरड होते. तिथे नमाज पढतात, मूल रांगतं, सोफ्रेही तिथेच पडतं, त्यामुळे गालिच्याची स्वच्छता हा प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

संवादांसाठी एक गोष्ट. बाप मुलीला लाडाने ‘बाबा जान’ म्हणतो आणि आई ‘मामान जान’ म्हणते. म्हणजे बोलणाऱ्याचं नातं तो मुलावरच घालतो. हे जसंच्या तसं ठेवा, मराठी मुलांना गंमत वाटेल आणि समजेलही. नाती लिहिणं सोपं आहे, आपल्यासारखीच चार वेगळी: अमू म्हणजे काका, अम्मे आत्या, दाई मामा, खाले मावशी. आईच्या मैत्रिणीला खाले म्हणतात आणि ओळखीच्या दुकानदाराला अमू. त्यामुळे शेजारच्या ‘काकू’ नर्गेसच्या तोंडी खाले होतील.

आईचं आडनाव वेगळं असतं. लग्नानंतर बाई माहेरचंच आडनाव लावते, मुलांना वडिलांचं मिळतं. दारावर पाटी दाखवणार असाल तर हे लक्षात असू द्या.

---

शाईपेन

दोघांचेही मनापासून आभार, कथा जवळजवळ नव्याने लिहावी लागेल, पण ती आता बरीच चांगली होईल. मिठाई आणि दुकानदार या दोन प्रसंगांबद्दल कुणीच बोललं नाही. तिथे ‘तआरोफ’, म्हणजे आग्रह आणि नकाराचा शिष्टाचार, येतो असं वाचलं होतं, म्हणून मुद्दाम तसे ठेवले. मुलाला हे नेमकं कळतं कसं? नाही म्हणायचं तर किती वेळा? आणि खरोखर हवं असेल तर?

---

खडीसाखर

तआरोफला बाहेरचे लोक खोटेपणा समजतात, ते मला पटत नाही. देणाऱ्याने देताना संकोच ठेवू नये आणि घेणाऱ्याने घेताना हावरेपणा करू नये, यासाठी दोघांनी मिळून सांभाळलेली ती रीत आहे. मूल ती तीन-चार वर्षांचं असल्यापासून बघून शिकतं.

मिठाईचा प्रसंग असा होईल. खाले ताटली पुढे करतात: ‘बेफरमाईद,’ म्हणजे घ्या ना. नर्गेस म्हणते, ‘खैली ममनून, मील नदारम,’ म्हणजे आभारी आहे, इच्छा नाही. खाले पुन्हा आग्रह करतात. ती पुन्हा नको म्हणते, पण आता आवाज बारीक. तिसऱ्यांदा खाले म्हणतात, ‘तआरोफ नकोन!’ आणि ताटली अगदी हाताशी आणतात. आता घ्यायचं, एकच, आणि ‘दस्तेतून दर्द नकोने’ म्हणायचं. दोन-तीनदा नाही म्हणणं सर्वसाधारण, पण मूल आकडा मोजत नसतं. ते आईच्या चेहऱ्याकडे बघतं. आईने किंचित मान हलवली की घ्यायचं, डोळे मोठे केले की नाही. आई सोबत नसेल तर मूल आग्रहाची खूण ओळखतं. नुसतं तोंडाने विचारलं आणि हात जागचा हलला नाही, तर तो शिष्टाचार. वस्तू हातात कोंबली, ‘तुझ्यासाठीच ठेवली होती’ म्हटलं, तर ते खरं. लहान मुलाने पहिल्याच झटक्यात घेतलं तर खाले हसतील, रागावणार नाहीत. नऊ वर्षांच्या मुलीने घेतलं तर घरी आई बोलेल, कारण आता अब्रू घराची जाते.

दुकानदाराचा प्रसंग मात्र तुमच्या आराखड्यात उलटा झाला आहे. ‘घाबेली नदारे’, म्हणजे तुमच्यापुढे याची काय किंमत, हे टॅक्सीवाला, वाणी, न्हावी, सगळे म्हणतात. पैसे मात्र द्यायचेच असतात. नर्गेसने पुन्हा विचारायचं, ‘चेगद्र मीशे?’, किती झाले? मग तो आकडा सांगतो आणि ती देते. ती तशीच निघून आली तर दुकानदाराला मागे ओरडता येत नाही आणि आईला परत पैसे घेऊन जावं लागतं. मोठ्या भावंडाला हे कळतं आणि धाकट्याला कळत नाही, असं दाखवलंत तर वाचकाला नियम कथेतूनच उमजेल. पैशांचा उल्लेख करताना ‘तोमान’ लिहा. नोटांवर रियाल छापलेला असतो, पण बोलताना दहा रियालांचा एक तोमान धरतात. आकडा शक्यतो लिहूच नका. महागाईने तो अंक छापून येईपर्यंत जुना झालेला असेल.

उलट बाजूही आहे. पाहुण्याच्या वस्तूचं फार कौतुक करू नये असं मुलांना सांगतात, कारण समोरचा ‘पीशकेश’, म्हणजे तुम्हालाच अर्पण, म्हणेल आणि दोघांचीही अडचण होईल. वाटेत काही खात असताना ओळखीचं कुणी भेटलं तर आधी त्याच्यापुढे धरायचं. दारातून आत जाताना वडीलधाऱ्यांना पुढे करायचं, मुलांनी सगळ्यांत शेवटी जायचं.

पाहुणे आले की मुलांच्या वाट्याला नेमकी कामं येतात. फळांची परडी फिरवणं, प्रत्येकापुढे छोटी ताटली आणि सुरी ठेवणं. सुरुवात खोलीतल्या सर्वांत वडील माणसापासून, मग तो कुठेही बसलेला असो. फळांत सफरचंद, संत्री यांच्याबरोबर छोट्या काकड्याही असतात, त्या फळ म्हणून सोलून मीठ लावून खातात. मग चहा: बिनदुधाचा, काचेच्या छोट्या पेल्यात, साखरेचा खडा दातांत धरून. गरम चहाचा ट्रे नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात देऊ नका. ते काम थोड्या मोठ्या भावंडाचं असतं, आणि ज्या दिवशी ते पहिल्यांदा मिळतं तो दिवस लक्षात राहतो.

वडीलधाऱ्यांसमोर पाय पसरायचे नाहीत. कुणाकडे पाठ करून बसावं लागलं तर माफी मागायची, ‘माझी पाठ तुमच्याकडे आहे, माफ करा.’ त्यावर मिळणारं उत्तर सुंदर आहे: ‘गोल पोश्तो रू नदारे’, फुलाला पाठ-पोट नसते. आजोबांच्या तोंडी हे नक्की द्या.

---

पिस्ता_बदाम

चित्रांसाठी मुद्दे राहिले होते.

अंगठा काढा. अंगठा वर करणं हा तिथे जुन्या पिढीच्या लेखी घाणेरडा हावभाव आहे. तरुण मुलं फोनवरच्या चिन्हामुळे तो ‘ठीक’ या अर्थाने वापरतात, पण आजोबांसमोर नको. ‘नाही’ म्हणताना भुवया वर उचलून जिभेने ‘च्’ करतात, मान आडवी हलवतातच असं नाही. चित्रात उचललेल्या भुवया चांगल्या दिसतील.

वही उजवीकडून उघडते आणि मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, पण संख्या डावीकडून उजवीकडे लिहितात. वहीच्या पानाच्या डोक्यावर ‘बे नामे खोदा’, देवाच्या नावाने. फारसीतले ४, ५, ६ हे आकडे अरबीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. चित्रकाराने इंटरनेटवरून अरबी आकडे उचलले तर तिथल्या मुलाला लगेच कळेल. छापताना चित्र आरशासारखं उलटं होणार नाही, हेही बघा.

नदी: झायांदेरूद गेली अनेक वर्षं इस्फहानमध्ये बराच काळ कोरडी असते. वरच्या धरणातून पाणी सोडलं की काही दिवस वाहते, आणि मग सगळं शहर पुलांवर गोळा होतं. शरदात भरलेली नदी आणि होड्या दाखवणं जुन्या पोस्टकार्डावरचं चित्र होईल. तेहतीस कमानींचा सी-ओ-से पोल, कोरडं पात्र, त्यात सायकल चालवणारी मुलं, आणि नर्गेस आजोबांना विचारते, पाणी कधी येणार? हे खरं आहे.

कपडे: शाळेत मुलींना मांतो म्हणजे गुडघ्यापर्यंतचा अंगरखा, पँट आणि डोक्यावर हनुवटीखाली शिवून बंद केलेली मग्नए. रंग शाळेप्रमाणे बदलतो. घरात हे काहीच नाही, साधी टी-शर्ट आणि पायजमा. चित्रकार घरातही मुलीचं डोकं झाकतात, ते चूक आहे.

---

दोन_दारं

वर शेवटी जे आलं ते थोडं उलगडून लिहितो, कारण या सगळ्या चर्चेत ते निसटलं तर कथा गुळगुळीत होईल.

इराणी मुलाला लहानपणीच आत आणि बाहेर अशी दोन जगं कळतात. घरात वेगळे कपडे, वेगळं संगीत, वेगळं बोलणं. छतावर उपग्रह वाहिन्यांची तबकडी असते. १९९० च्या दशकापासून ती कायद्याने बंद आहे आणि तरीही असंख्य घरांवर आहे. मुलाला कुणी समोर बसवून सांगत नाही, पण घरातली कोणती गोष्ट शाळेत बोलायची नाही हे त्याला ठाऊक असतं. मोठ्यांना मान आणि पाहुणचार यांइतकंच हेही तिथलं संस्कारांचं अंग आहे: कुणाचं गुपित कुठे ठेवायचं, आपल्यामुळे घरच्यांना त्रास होऊ द्यायचा नाही. राजकारण नको म्हणालात ते मान्य, पण मग्नए दारातच काढून खुंटीला लावणारी मुलगी दाखवलीत तरी पुरे आहे. वाचकाला जेवढं कळायचं तेवढं कळेल.

दुसरं, सगळी घरं एकसारखी धार्मिक नसतात. मुलींची नऊ चांद्र वर्षं, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे पावणेनऊ पूर्ण झाली की शाळेत साधारण तिसरीत ‘जश्ने तक्लीफ’ होतो: फुलाफुलांची चादर अंगावर, जानमाज म्हणजे नमाजासाठी अंथरायचं कापड, नमाज आता तिच्यावर बंधनकारक. मुलांना हे पंधरा चांद्र वर्षं पूर्ण झाल्यावर. नर्गेसचा हा सोहळा गेल्या वर्षीच झालेला असणार. काही घरांत तो मनापासून साजरा होतो, काही घरांत मुलगी शाळेचा कार्यक्रम म्हणून जाऊन येते. आजी पाच वेळ नमाज पढणारी आणि आई न पढणारी, असं एकाच घरात सहज आढळतं आणि दोघी एकमेकींना सांभाळून घेतात. तुमच्या कथेत आजी नमाज पढत असताना नर्गेस टीव्हीचा आवाज कमी करते, एवढं ठेवा.

तिसरं, इस्फहान घेतलंत म्हणून हरकत नाही, पण ‘इराणमध्ये असं असतं’ असं वाक्य कथेत नको. तब्रीझमधल्या मुलाच्या घरी अझेरी तुर्की बोलतात, सनंदजला कुर्दी, रश्तला गिलकी, झाहेदानला बलुची. त्यातली बरीच मुलं फारसी वाचायला पहिलीत शिकतात, कारण शिक्षण आणि पुस्तकं फारसीतच असतात. यझ्दमध्ये झरथुष्ट्री घरं आहेत, तिथल्या मुलामुलींचा सदरा-कुस्तीचा (पवित्र सदरा आणि कमरेचा धागा घालण्याचा) विधी होतो. आपल्याकडचे पारशी त्यालाच नवजोत म्हणतात. मुंबई-पुण्याच्या वाचकांना ‘इराणी’ म्हटलं की कॅफे आठवतो. तो चालवणारी अनेक कुटुंबं यझ्दच्या भागातून आलेली झरथुष्ट्रीच होती. कथेच्या शेवटी टीप देणार असाल तर हा दुवा तिथे द्या, कथेत नको.

---

उंबरठा

ईदीचं कुणी लिहिलं नाही. ती मेहेर महिन्यात देता येणार नाही. ईदी प्रामुख्याने नवरोजची, म्हणजे २० किंवा २१ मार्चची. आजोबा कोऱ्या नोटा कुराणाच्या किंवा कवी हाफिजच्या दिवानाच्या (काव्यसंग्रहाच्या) पानांत ठेवतात आणि पान उघडून देतात. आधी सगळ्यांनी वडीलधाऱ्यांकडे जायचं, मग वडीलधारे उलट भेटीला येतात. लहानांनी आधी न जाणं हा मोठा अपमान, वर्षभर लक्षात राहणारा.

नवरोजचीच कथा करायची ठरवलीत तर मुलीला ‘सब्झे’, म्हणजे सणासाठीचे हिरवे अंकुर, उगवायला द्या, ते मुलांचंच काम आहे आणि वाचकांनाही करून बघता येईल. सालासकट अख्खे मसूर एक वाटी (डाळ चालत नाही, ती उगवत नाही). एक दिवस पाण्यात, पाणी दोनदा बदलायचं. मग ओल्या सुती कापडात एक-दोन दिवस, टोकं फुटेपर्यंत. मग पसरट ताटलीत एकाच थरात, वर ओलं कापड, अंकुर बोटाच्या पेराएवढे झाले की कापड काढून उजेडात, पण कडक उन्हात नाही. पाणी फवाऱ्याने. ताटलीत साचलं तर खालून कुजतं आणि वास येतो, दाट थर दिला तर बुरशी येते. अंधारात राहिलं तर पिवळं आणि लुळं होतं. मसूर असोत की गहू, साधारण दहा दिवस ते दोन आठवडे धरा. फार आधी लावलं तर सणापर्यंत मान टाकतं. तेराव्या दिवशी, सीझ्दे बेदरला, ते वाहत्या पाण्यात सोडतात. तोवर घरात ठेवलेलं चालतं, त्यानंतर ठेवत नाहीत.

शरद ठेवायचा असेल तर ईदीच्या जागी ‘नझरी’, म्हणजे नवसाचं वाटायचं अन्न, आणा.

---

शाईपेन

शरदच ठेवते, फाटकातली भेट आणि कोरडी नदी सोडवत नाही. नवरोज वसंत अंकासाठी राखून ठेवला. नझरी मोहरममध्येच असते ना? आणि नर्गेस त्यात काय करेल?

---

उंबरठा

मोहरमला सर्वांत जास्त, पण नवस कधीही फेडता येतो. आजारातून कुणी बरं झालं, परीक्षा पार पडली, की घरी मोठ्या पातेल्यात ‘आश’ शिजतं: कडधान्यं, पालक, कोथिंबीर, शेवया, वरून तळलेला कांदा, तेलात परतलेला वाळका पुदिना आणि घट्ट आंबट कश्क (दह्या-ताकापासून केलेलं). किंवा ‘शोले झर्द’, केशर घातलेली तांदळाची खीर, तिच्यावर दालचिनीच्या पुडीने नक्षी किंवा पवित्र नावं. ती नावं चिमटीने पूड सोडत काढायची असतात. खीर गरम असताना काढली तर पूड ओली होऊन पसरते. वर पापुद्रा धरेपर्यंत थांबतात. हे नर्गेसला आजीकडून शिकता येईल.

वाटप मुलांकडे. वाडग्या भरून ट्रेमध्ये ठेवायच्या, एका खेपेला तीन-चारच, नाहीतर कडेने सांडतं. आश असेल तर वर ताटली झाकायची. इमारतीतली सगळी घरं, आवडती-नावडती असा भेद नाही. ज्यांच्याशी आईचं बोलणं नाही त्यांच्याकडेही जायचं, आणि हाच प्रसंग कथेत घालण्यासारखा आहे. दारावर टकटक करून सलाम, ‘नझरी आवोर्दम,’ म्हणजे नझरी आणली आहे. घेणारा म्हणतो, ‘कबूल बाशे’, नवस मान्य होवो. वाडगी लगेच रिकामी करून दिली तर ठीक, पण बहुतेकदा नंतर धुऊन परत येते आणि रिकामी येत नाही. आत एखादं फळ, खडीसाखर, मूठभर सुका मेवा, काही नाही तर एक फूल.

आणि इथे तआरोफ चालत नाही. नझरीला कुणी नको म्हणत नाही, तीनदा तर नाहीच. दार उघडणारा माणूस पहिल्याच वेळी दोन्ही हातांनी घेतो, त्यामुळे चित्रकाराला दोन्ही हात पुढे काढायला सांगा.